मोबाईलवर सगळ्यात वर दिसणारं हॉटेल वरच का असतं? ही गोष्ट १९५३ सालच्या एका विमानात सुरू झाली

मे महिना जवळ आला की घरात एकच विषय निघतो. यंदा कुठे? कुणीतरी म्हणतं, तारकर्ली. मग मोबाईल बाहेर येतो, ॲप उघडतं, तारखा टाकल्या जातात. समोर शे-दीडशे हॉटेलं आणि होमस्टे. त्यातलं शंभरावं कुणी बघत नाही. विसावंही नाही. पहिल्या पाच-सात फोटोंवरून बोट फिरतं, रेटिंग बघितलं जातं, 'फक्त १ खोली शिल्लक' असं लाल अक्षरात दिसतं, धडधड वाढते आणि पैसे भरून मोकळं व्हायचं.

सहल तुम्ही ठरवली. पण शे-दीडशे नावांतली ती पाच-सात नावं वर आणून कुणी ठेवली?

बहुतेकांना वाटतं की जे चांगलं आणि स्वस्त ते वर येत असणार. कधीकधी तसं असतंही. पण यादीचा क्रम कुणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅमने ठरतो, आणि तो प्रोग्रॅम ज्याच्या मालकीचा त्याचं त्यात हित असतं. पर्यटनाच्या धंद्यात कॉम्प्युटर नेमका कशासाठी वापरला जातो, हे समजून घ्यायचं तर या क्रमाची गोष्ट माहीत पाहिजे. आणि ती गोष्ट मोबाईल, इंटरनेट यांच्याही आधीची आहे.

दोन स्मिथ आणि एक फिरती चकती

१९५० च्या आसपास अमेरिकेत विमानाचं तिकीट काढणं म्हणजे खटाटोप होता. अमेरिकन एअरलाइन्स ही तिथली मोठी कंपनी. तिच्या आरक्षण कार्यालयात एक मोठी फिरती चकती असायची, तिच्यात प्रत्येक विमानाचं एकेक कार्ड. भोवती आठ जण बसायचे. फोन आला की चकती फिरवायची, कार्ड काढायचं, जागा असली तर कडेला खूण करायची, कार्ड परत ठेवायचं. जागा शोधण्यापासून तिकीट लिहून होईपर्यंत सरासरी ९० मिनिटं जायची, कधी तर तीन तास.

बरं, माणसं वाढवून काम वेगाने करावं तर तेही शक्य नव्हतं. चकतीभोवती आठाच्या वर माणसं मावतच नव्हती! विमानं वाढत होती, प्रवासी वाढत होते आणि सगळा धंदा एका गोल टेबलापाशी अडकला होता.

१९५३ मध्ये लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या याच कंपनीच्या विमानात दोन माणसं शेजारी बसली. एक होता ब्लेअर स्मिथ, आयबीएम कंपनीचा सेल्समन. दुसरा होता सी. आर. स्मिथ, खुद्द अमेरिकन एअरलाइन्सचा अध्यक्ष. आडनाव एकच म्हणून बोलणं सुरू झालं आणि गाडी आरक्षणाच्या डोकेदुखीवर आली. आयबीएम त्या वेळी अमेरिकन हवाई दलासाठी 'सेज' नावाच्या यंत्रणेवर काम करत होती. देशभरातल्या रडारवरून येणारी माहिती कॉम्प्युटरकडे आणायची आणि शत्रूचं विमान कुठे आहे ते लगेच सांगायचं, असं ते काम. शत्रूचं विमान शोधता येतं तर रिकामी सीट का नाही शोधता येणार?

त्यातून जन्माला आलं 'सेबर'. न्यूयॉर्कजवळच्या ब्रायरक्लिफ मॅनर इथे आयबीएमचे दोन महाकाय ७०९० कॉम्प्युटर बसवले गेले. १९६४ पर्यंत कंपनीचं सगळं आरक्षण या यंत्रणेवर आलं. दिवसाला ८४ हजार फोन हाताळण्याची तिची क्षमता होती. ९० मिनिटांचं काम काही सेकंदांवर आलं. रेल्वेच्या तिकिटावरचा पीएनआर आपल्याला पाठ असतो, तो शब्दही विमान आरक्षणाच्या याच जगातला. प्रवाशाचं नाव आणि त्याची जागा यांची एकत्र नोंद, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंतची गोष्ट कॉम्प्युटरने काम सोपं केल्याची आहे. अशा गोष्टी बँकेच्या, रेल्वेच्या, वीजबिलाच्याही सांगता येतील. सेबरचं वेगळेपण पुढे आहे.

एजंटच्या टेबलावरचा पडदा

१९७० च्या दशकात अमेरिकेत तिकिटं प्रामुख्याने ट्रॅव्हल एजंट विकू लागले. एजंटकडे कॉम्प्युटर नसायचा. तो वेळापत्रकाचं जाडजूड पुस्तक चाळायचा आणि कंपनीला फोन लावायचा. सगळ्या विमान कंपन्यांनी मिळून एजंटांसाठी एकच सामाईक यंत्रणा उभारावी, अशी चर्चाही झाली. ती फिसकटली. १९७६ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने आपली 'अपोलो' यंत्रणा एजंटांना द्यायचं ठरवलं, आणि अमेरिकन एअरलाइन्सने तातडीने सेबरचे टर्मिनल एजंटांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

हा डाव कसा होता बघा. एजंटच्या पडद्यावर फक्त अमेरिकनची विमानं दाखवली असती तर त्याला ते यंत्र निरुपयोगी वाटलं असतं. म्हणून सेबरवर सगळ्या कंपन्यांची विमानं दिसायची. एजंट खूश, कारण एकाच ठिकाणी सगळं मिळतं. बाकीच्या कंपन्यांनाही तिथे असणं भाग होतं, कारण एजंट तिथेच बघत होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांचा माल अमेरिकनच्या दुकानात विकायला ठेवलेला, आणि कुठला माल कुठल्या फळीवर ठेवायचा ते अमेरिकन ठरवणार.

१९७८ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान व्यवसाय नियंत्रणमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली. तोपर्यंत कुठून कुठे उडायचं आणि किती भाडं घ्यायचं, हे सरकार ठरवायचं. आता रान मोकळं झालं. नवीन कंपन्या आल्या, भाडी रोज बदलू लागली. इतक्या बदलत्या माहितीत पुस्तक चाळणारा एजंट टिकणं अशक्य होतं. पडद्याची किंमत एकदम वाढली.

१९८१ मध्ये कंपनीने एजंट कसे बुकिंग करतात ते तपासलं. निम्म्याहून जास्त वेळा एजंट पडद्यावरची पहिली ओळ निवडत होते. ९२ टक्के वेळा निवडलेलं विमान पहिल्याच पडद्यावरचं होतं. दुसऱ्या पडद्यावर ढकललं गेलेलं विमान उडत असलं तरी धंद्याच्या दृष्टीने ते जवळपास नसल्यातच जमा. तारकर्लीतलं शंभरावं हॉटेल आणि ते विमान, दोघांचं दुखणं एकच.

मग पडद्याचं 'शास्त्र' सुरू झालं. थेट विमानाला किती गुण, वेळेच्या जवळ असलेल्याला किती, मध्ये थांबणाऱ्याचे किती कापायचे, ही गणितं अशी बसवली जाऊ लागली की अमेरिकनची विमानं वर यावीत. १९८१ च्या अखेरीस न्यूयॉर्क एअर या छोट्या कंपनीने न्यूयॉर्कच्या ला गार्डिया विमानतळावरून डेट्रॉइटला विमानं सुरू केली. हा अमेरिकनचा हक्काचा मार्ग. थोड्याच दिवसांत न्यूयॉर्क एअरची विमानं सेबरच्या पडद्यावर तळाला दिसू लागली. बुकिंग आटलं. दिवसाला आठ विमानं उडवणाऱ्या कंपनीला त्या मार्गावरून गाशा गुंडाळावा लागला. विमान तेच, भाडं तेच, फक्त पडद्यावरची जागा बदलली होती.

आरडाओरड झाली, प्रकरण अमेरिकन संसदेसमोर गेलं. १९८३ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष रॉबर्ट क्रँडल साक्षीला उभे राहिले. त्यांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं की आमची विमानं आधी दिसावीत आणि त्यातून बाजारातला आमचा वाटा वाढावा, यासाठीच तर ही यंत्रणा उभी केली आहे. माणूस रोखठोक होता, एवढं मान्य करावं लागेल. आजकाल हीच गोष्ट 'तुमच्यासाठी खास निवडलेले पर्याय' अशा गोड शब्दांत सांगितली जाते.

१९८४ मध्ये अमेरिकेच्या नागरी उड्डाण मंडळाने नियम केले. पडद्यावर पक्षपात करायचा नाही, आणि इतर कंपन्यांकडून बुकिंगमागे जी फी घ्याल ती सगळ्यांकडून सारखी घ्या. वाटलं, सेबरचे दात पडले. पण फी तर चालूच राहिली. दुसऱ्या कंपनीचं तिकीट विकलं गेलं तरी त्यातला हिस्सा सेबरला मिळत होता. विमान चालवणं म्हणजे इंधन, पगार, संप, हवामान अशी शंभर विघ्नं. त्यापेक्षा तिकीट विकणारा कॉम्प्युटर जास्त भरवशाचा धंदा निघाला.

शेजारच्या सीटचं भाडं निम्मं का?

पडदा हा सेबरचा एक उपयोग. दुसरा उपयोग बाहेरून कुणाला दिसत नव्हता. कोण कधी प्रवास करतो, किती दिवस आधी तिकीट काढतो, ऐनवेळी किती जण येतच नाहीत, हे सगळं सेबरमध्ये साठत होतं. मे १९८१ मध्ये कंपनीने वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठी 'ॲडव्हांटेज' योजना आणली. असे प्रवासी शोधायचे कसे? सेबरच्या नोंदींत तेच तेच फोन नंबर कुठे येतात ते बघून.

त्याच सुमारास पीपल एक्स्प्रेस नावाची एक कंपनी लोकांच्या गळ्यातला ताईत झाली होती. १९८१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी अगदी स्वस्तात प्रवास घडवायची. खाणं हवं तर पैसे द्या, सामान हवं तर पैसे द्या, तिकिटाचे पैसे विमानात बसल्यावर दिले तरी चालतील. विद्यार्थी, म्हातारी माणसं, कधीच विमानात न बसलेली कुटुंबं, सगळे तिच्याकडे वळले. मोठ्या कंपन्यांनी भाडी पाडावीत तर त्यांचा खर्च जास्त, त्या बुडाल्या असत्या.

क्रँडल यांनी सरसकट भाडं पाडलं नाही. सेबरमधल्या नोंदींवरून प्रत्येक विमानात किती सीट रिकाम्या जाणार याचा अंदाज काढला आणि तेवढ्याच सीट स्वस्तात विकायला काढल्या. अट घातली की तिकीट बरंच आधी काढायचं. ऐनवेळी धावत येणारा धंदेवाईक प्रवासी मात्र पूर्वीसारखंच भरपूर भाडं देणार. जानेवारी १९८५ मध्ये ही भाडी जाहीर झाली. आता पीपल एक्स्प्रेसच्या भाड्यात अमेरिकनच्या विमानात बसता येत होतं, आणि शेजारच्या सीटवरचा माणूस दुप्पट-तिप्पट पैसे देऊन बसलेला असायचा.

पीपल एक्स्प्रेसकडे विमानं होती, प्रवासी होते, लोकांचं प्रेम होतं. आज कुठली सीट किती रुपयांना विकायची हे सांगणारा कॉम्प्युटर नव्हता. दोन वर्षांत ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली आणि नाव पुसलं गेलं. तिचे संस्थापक डॉन बर यांनी नंतर स्वतःच कबूल केलं की आपल्याला याच गोष्टीने हरवलं.

हे तंत्र आता घराघरात पोहोचलं आहे. सप्टेंबर २०१६ पासून आपल्या राजधानी, शताब्दी आणि दुरांतो गाड्यांना 'फ्लेक्सी फेअर' लागू झालं, त्यात दर १० टक्के जागा भरल्या की भाडं १० टक्क्यांनी चढायचं आणि दीडपटीपर्यंत जायचं. गणपतीला कोकणात जाणाऱ्या खासगी बसचं भाडं बघून जो शब्द तोंडातून निघतो, त्या शब्दाचं खानदानही याच कॉम्प्युटरपर्यंत पोहोचतं.

दुकान बदललं, फळी तीच

१९९६ मध्ये सेबरने 'ट्रॅव्हलोसिटी' ही वेबसाइट काढली आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने 'एक्स्पिडिया' आणली. एजंटच्या टेबलावरचा पडदा आता थेट ग्राहकाच्या घरात आला. नेदरलँड्समध्येही १९९६ मध्येच एका तरुणाने हॉटेल बुकिंगची साइट सुरू केली, तीच आजची बुकिंग डॉट कॉम. आपल्याकडे २००० मध्ये दीप कालरा यांनी मेकमायट्रिप सुरू केली. सुरुवातीचे ग्राहक अमेरिकेतले भारतीय होते, कारण भारतात तेव्हा इंटरनेटवर पैसे भरायला लोक कचरायचे. ती भीड रेल्वेने मोडली. ऑगस्ट २००२ मध्ये आयआरसीटीसीवर ऑनलाइन तिकीट मिळू लागलं आणि सर्वसामान्य माणूस कॉम्प्युटरवर तिकीट काढायला शिकला. २०१७ मध्ये मेकमायट्रिपने गोआयबिबो आणि रेडबस चालवणारा समूह आपल्यात सामावून घेतला.

विमान कंपन्या मोठ्या असतात, त्यांच्याकडे वकिलांची फौज असते. तळाला ढकललं तर त्या संसदेपर्यंत जातात. पण हॉटेलांचं जग वेगळं आहे. तिथे मालक म्हणजे तारकर्लीतलं एखादं कुटुंब, ज्याने घराच्या मागे चार खोल्या बांधल्या, त्यासाठी कर्ज काढलं. वाडीत रस्त्यावरून कुणी येत नाही. गिऱ्हाईक येणार ते मोबाईलवरून. अशा माणसाला ॲपवर दिसणं ही चैन परवडते की नाही असा प्रश्नच उरत नाही.

त्याचं गणित मांडून बघू. समजा खोली २,००० रुपयांची आहे आणि ॲपचं कमिशन २० टक्के आहे. मालकाच्या हातात १,६०० येतात. (कमिशन हॉटेलागणिक वेगळं असतं, १५ टक्के किंवा त्याहून जास्त ही सर्वसाधारण गोष्ट आहे. यादीत वर दिसायचं तर बऱ्याच ठिकाणी ते वाढवून द्यावं लागतं.) आता एखाद्या पाहुण्याने थेट फोन केला आणि मालकाने त्याला १,८०० ला खोली दिली तर पाहुण्याचे २०० वाचतात, मालकाला २०० जास्त मिळतात. दोघांचंही भलं. मग मालक आपल्या पाटीवर किंवा वेबसाइटवर सरळ १,८०० का लिहीत नाही?

कारण करारात एक कलम असतं. 'आमच्या ॲपवर जो दर आहे त्यापेक्षा कमी दर दुसरीकडे कुठेही दाखवायचा नाही.' याला दर-समानतेची अट म्हणतात. नाव किती सालस आहे! पण परिणाम असा की ग्राहक कुठेही शोधो, त्याला सगळीकडे २,०००च दिसतात, मग तो सोयीचं म्हणून ॲपवरच बुकिंग करतो. कमिशन ग्राहकाला दिसत नाही, पण दरात ते मिसळलेलं असतं. आणि कमी कमिशन मागणारं नवीन ॲप बाजारात आलं तरी त्याला ग्राहकासमोर स्वस्त दर ठेवता येत नाही.

फ्रान्सने २०१५ मध्ये कायदा करून ही अट मोडीत काढली. जर्मनीच्या स्पर्धा नियामकाने त्याच वर्षी बुकिंग डॉट कॉमला ती वापरायला बंदी केली. ऑस्ट्रिया आणि इटलीनेही पुढे तसंच केलं.

भारतात हॉटेल मालकांच्या महासंघाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तक्रारीत दर-समानतेची अट होतीच, त्याशिवाय आणखी एक मुद्दा होता. मेकमायट्रिप आणि ओयो यांच्यात करार झाला आणि ओयोशी स्पर्धा करणाऱ्या ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स या साखळ्या मेकमायट्रिपवरून दिसेनाशा झाल्या, असा तो मुद्दा. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटी ४८ लाख आणि ओयोला १६८ कोटी ८८ लाख रुपयांचा दंड ठोठावला आणि हॉटेलांसोबतच्या करारातून अशा अटी काढायला सांगितलं. कंपन्यांनी या आदेशाला अपिलात आव्हान दिलं. न्यूयॉर्क एअरचं विमान निदान पडद्याच्या तळाला तरी होतं. इथे तर नावच गेलं.

आणि ग्राहकाचं काय?

कुणी म्हणेल, हॉटेलवाल्यांचं ते बघून घेतील, आपल्याला स्वस्त मिळतंय ना? तर त्यासाठी ऑस्ट्रेलियातलं एक प्रकरण बघण्यासारखं आहे. ट्रिव्हागो नावाची साइट वेगवेगळ्या साइटवरचे हॉटेलचे दर एकत्र दाखवते आणि स्वस्त दर शोधून देते अशी तिची जाहिरात होती. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने तिला न्यायालयात खेचलं. तिथे उघड झालं की ठळकपणे सगळ्यात वर दाखवलेला दर हा ६६.८ टक्के वेळा सगळ्यात स्वस्त नव्हताच. कोणती साइट एका क्लिकमागे ट्रिव्हागोला किती पैसे देते, याला क्रमवारीत मोठं वजन होतं. न्यायालयाने २०२० मध्ये ट्रिव्हागोला दोषी धरलं आणि २०२२ मध्ये ४ कोटी ४७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

'फक्त १ खोली शिल्लक', 'आत्ता १२ जण ही खोली बघत आहेत' या ओळींचीही चौकशी झाली. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाच्या दबावामुळे २०१९ मध्ये बुकिंग डॉट कॉम, एक्स्पिडिया, अगोडा, ट्रिव्हागो अशा साइटनी आपल्या पद्धती बदलायचं कबूल केलं. 'बारा जण बघत आहेत' हे कदाचित खरंही असतं, पण ते बारा जण वेगवेगळ्या तारखांसाठी बघत असतील तर तुम्ही घाबरायचं काही कारण नसतं. भारतात नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादी करून त्यांना मनाई केली. खोटी घाई दाखवणं, सुरुवातीला कमी दर दाखवून शेवटच्या पानावर शुल्क चढवणं, न विचारता विमा किंवा देणगी टोपलीत टाकणं, हे सगळं त्या यादीत आहे. तरी पुढच्या वेळी तिकीट काढताना शेवटच्या पानावर एकदा थांबून बघाच.

गोव्यात हाच झगडा टॅक्सीवरून पेटला. २०१८ मध्ये गोवा पर्यटन विकास महामंडळाच्या सोबतीने 'गोवामाईल्स' हे टॅक्सी ॲप आलं आणि स्थानिक टॅक्सीवाल्यांनी त्याला कडाडून विरोध केला. पर्यटकांच्या बाजूने बघितलं तर ॲप हवंच होतं, कारण मीटर न टाकता सांगितल्या जाणाऱ्या भाड्याला लोक वैतागले होते. पण टॅक्सीवाल्यांची भीतीही हवेतली म्हणता येणार नाही. आज हॉटेलच्या दारात उभं राहून मिळणारं गिऱ्हाईक उद्या ॲपच्या हातात गेलं, की भाडं आणि कमिशन ठरवणारा तिसराच कुणीतरी असतो. बंगळुरूत २०२२ मध्ये रिक्षावाल्यांच्या संघटनेला सोबत घेऊन 'नम्मा यात्री' ॲप आलं, ज्यात प्रत्येक फेरीवर कमिशन कापलं जात नाही. पडदा कुणाच्या मालकीचा यावर तंत्रज्ञान कुणाच्या कामाला येणार हे कसं बदलतं, याचं ते चांगलं उदाहरण आहे.

पण हा सगळा दोष ॲपवर टाकून मोकळं होणंही अप्रामाणिकपणाचं ठरेल. ॲप नसतं तर नागपूरच्या माणसाला तारकर्लीच्या वाडीतल्या चार खोल्या कळल्याच नसत्या. पूर्वी तो मालवणात उतरून रिक्षावाल्याला विचारायचा आणि रिक्षावाला ज्याच्याकडून त्याला पैसे मिळतात तिथे न्यायचा. कमिशन तेव्हाही होतं. फरक इतकाच की रिक्षावाले पन्नास होते आणि ॲप दोन-तीन आहेत.

सेबरचं पुढे काय झालं?

१९९६ मध्ये सेबर शेअर बाजारात आली आणि २००० मध्ये अमेरिकन एअरलाइन्सपासून पूर्ण वेगळी झाली. २००४ मध्ये अमेरिकन सरकारने पडद्यावरच्या पक्षपाताला मनाई करणारे ते जुने नियमही संपुष्टात आणले. इंटरनेट आल्यावर आता त्यांची गरज उरली नाही, असं तेव्हाचं म्हणणं.

काही वर्षांनी अमेरिकन एअरलाइन्सला वाटू लागलं की बुकिंगमागे सेबरला फी का द्यायची, आपण एजंटांना थेट जोडून घेऊ. सेबरला ते पसंत पडणं शक्य नव्हतं. जानेवारी २०११ मध्ये सेबरने आपल्या पडद्यावर एका विमान कंपनीची विमानं खाली ढकलली. ती कंपनी होती अमेरिकन एअरलाइन्स! जिने हा खेळ शोधून काढला, तीच आता टेक्सासच्या न्यायालयात धावत गेली आणि पक्षपात थांबवण्याचा तात्पुरता आदेश मिळवून आली. २०१२ मध्ये दोघांत समझोता झाला.

एवढ्या मोठ्या कंपनीकडे न्यायालयात जायला पैसे होते. चार खोल्यांच्या मालकाकडे वेगळी युक्ती असते, आणि ती कोकणात फिरलेल्या कुणालाही ओळखीची वाटेल. पाहुणा पहिल्यांदा ॲपवरून येतो. दोन दिवस राहतो, सोलकढी पितो, मासे खातो. निघताना गाडीत सामान ठेवून झालं की मालक एक छोटं कार्ड हातात देतो, त्यावर व्हॉट्सॲप नंबर असतो. "परत येशात तेव्हा आधी फोन करा," म्हणतो. कार्ड पाकिटात जातं. पुढच्या मे महिन्यात फोन वाजतो, मालक भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतो आणि तारखेवर पेनाने खूण करतो.